प्रायमरीच्या दारात अडलेला मतदार: अमेरिकेतील प्राथमिक निवडणुकांत मतदान कसे वाढेल?

उंबरठा (धागाकर्ता)

२०२५ च्या जून महिन्यात न्यू जर्सीत गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी प्राथमिक निवडणूक (प्रायमरी) झाली, तेव्हा आमच्या गल्लीतील एका मराठी काकांना घेऊन मी मतदान केंद्रावर गेलो होतो. केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत होते. टेबलामागच्या बाईंनी टॅबलेटवर काकांचे नाव शोधले आणि नियमाप्रमाणे विचारायचा तोच प्रश्न विचारला, की आपली कोणत्याही पक्षाकडे नोंद नाही, तर डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका हवी की रिपब्लिकन पक्षाची? मागे रांगेत आमच्याच वस्तीतले चार जण उभे होते. काका क्षणभर थांबले आणि मला मराठीत म्हणाले, "मी कोणाला मत देतो हे मी घरातसुद्धा कधी सांगितलेले नाही, ते इथे सगळ्यांसमोर कशाला सांगू?" ते मत न देताच बाहेर आले आणि गाडीशी जाऊन उभे राहिले.

काकू तर घरीच राहिल्या होत्या. त्यांचे नाव टपाली मतदारांच्या कायम यादीत आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीची मतपत्रिका दरवर्षी न मागता घरी येते. प्रायमरीच्या आधी मात्र मतपत्रिकेऐवजी एक पत्र आले होते. पक्ष जाहीर केल्याशिवाय प्रायमरीची मतपत्रिका पाठवता येणार नाही, आणि ती हवी असल्यास सोबतचा फॉर्म भरून पाठवावा, असा त्यातला मजकूर होता. ते पत्र विजेच्या बिलांच्या कप्प्यात ठेवले गेले आणि तिथेच राहिले.

यात कोणाचीही चूक नव्हती. बाईंनी आपले काम नीट केले होते, आणि पत्रही वेळेवर आले होते. तरीही नोव्हेंबरच्या मतदानाला एकदाही न चुकलेली दोन माणसे त्या दिवशी मतदानाबाहेर राहिली. हा धागा काढण्याचे कारण एवढेच, की प्रायमरीला मतदान कमी का होते या प्रश्नाला "लोकांना आस्था नाही" हे जे उत्तर सरसकट दिले जाते, ते मला अपुरे वाटते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आपल्याकडे उमेदवार कोण हे पक्ष ठरवतो आणि एबी फॉर्म कोणाच्या हाती पडला यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेत तो निर्णय मतदार मतपेटीतून करतात, आणि त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये रॉबर्ट ला फॉलेट गव्हर्नर असताना १९०३ मध्ये तसा कायदा झाला, आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत बहुतेक राज्यांत पसरली. अध्यक्षपदासाठी मात्र १९६८ पर्यंत अंतिम शब्द पक्षाच्या अधिवेशनाचाच होता. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, शिकागोच्या रस्त्यांवर दंगल उसळली, आणि त्यानंतर नियम बदलून १९७२ पासून प्रायमरींना आजचे महत्त्व आले.

हक्क मिळाला, पण तो बजावणारे थोडे राहिले. २०१६ मध्ये दोन्ही पक्षांत अध्यक्षपदासाठी अटीतटीची लढत असूनही प्रायमरींमध्ये पात्र मतदारांपैकी तीस टक्केही उतरले नाहीत. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मध्यावधी निवडणुकांच्या (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यात येणाऱ्या) वर्षी तर स्थिती आणखी वाईट असते. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. त्यातच बहुसंख्य मतदारसंघ कोणत्या ना कोणत्या पक्षाचे बालेकिल्ले असल्याने खरी निवड प्रायमरीतच होऊन जाते आणि नोव्हेंबरमध्ये तिच्यावर शिक्का बसतो. न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात २०१८ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांनी जोसेफ क्राउली यांच्यासारख्या बड्या नेत्याला हरवले, तेव्हा दोघांना मिळून तीस हजारांहून कमी मते पडली होती. त्या मतदारसंघाची लोकसंख्या सुमारे सात लाख आहे. निकाल कोणाला आवडला वा न आवडला, हा इथे प्रश्न नाही. व्हर्जिनियात २०१४ मध्ये एरिक कँटर यांचा पराभव विरुद्ध बाजूच्या, म्हणजे रिपब्लिकन, पक्षाच्या प्रायमरीत झाला, आणि तिथेही एकूण साधारण ६५ हजार मतांच्या मतदानात प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचा नेता घरी गेला.

मला तीन सुधारणा सर्वांत आधी हव्याशा वाटतात. पहिली कोलोरॅडोची आहे. तिथल्या मतदारांनी २०१६ मध्ये कौल देऊन ठरवले, की पक्षनोंदणी नसलेल्या मतदाराला दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका टपालाने घरी पाठवायच्या आणि त्याने एकच भरून परत करायची. दोन्ही भरून पाठवल्या तर दोन्ही बाद होतात, एवढीच अट. आमच्या काकांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर अशी दोन पाकिटे पडली असती, तर रांगेसमोर तोंड उघडण्याची वेळच आली नसती.

दुसरी सुधारणा तारखांची. राज्याराज्यांच्या प्रायमरी मार्चपासून सप्टेंबरपर्यंत विखुरलेल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये तर २०१८ पर्यंत काँग्रेसची प्रायमरी जूनमध्ये आणि राज्य विधिमंडळाची सप्टेंबरमध्ये होत असे, म्हणजे कामगाराने एकाच वर्षात एकाच कामासाठी दोनदा सवड काढायची. २०१९ च्या कायद्याने त्या एकत्र आणल्या. तिसरी सुधारणा पक्ष बदलण्याच्या मुदतीची. २०१६ च्या एप्रिलमधील न्यूयॉर्क प्रायमरीसाठी पक्षनोंदणी बदलण्याची शेवटची तारीख आदल्या वर्षीचा ९ ऑक्टोबर ही होती. ती चुकल्याने डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन अपत्यांनाही वडिलांना मत देता आले नाही. उमेदवाराच्या घरात जी तारीख लक्षात राहत नाही, ती कारखान्यातील पाळी सांभाळणाऱ्या मतदाराच्या लक्षात कशी राहावी?

इतर राज्यांत राहणाऱ्या सभासदांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

सह्यकडा

मी वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलजवळ राहतो. आमच्याकडे सगळे मतदान टपालाने होते, परतीच्या पाकिटाला तिकीटही लावावे लागत नाही, आणि तरीही काकांना आलेली अडचण आमच्या घरात दर चार वर्षांनी येते.

ऑगस्टमधील प्रायमरीत आमच्याकडे सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोन नोव्हेंबरला जातात. त्या वेळी आपला पक्ष कोणता हे कोणी विचारत नाही. अध्यक्षपदाच्या मार्चमधील प्रायमरीचा नियम मात्र वेगळा आहे. त्यात पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला दोनपैकी एका पक्षाच्या चौकटीत खूण करून खाली सही करावी लागते, नाहीतर मत मोजले जात नाही. माझी आई २०२४ मध्ये ते पाकीट हातात घेऊन बराच वेळ खुर्चीवर बसून होती. आत कोणाला मत दिले हे गुप्त, पण कोणत्या पक्षाचे दिले हे पाकिटाच्या पाठीवर, टपालवाल्यालाही वाचता येईल असे. तिने तो भाग हाताने झाकला आणि मला विचारले, "हे असे उघडे कसे पाठवायचे?" शेवटी तिने ते पाठवले नाही. त्याच आईने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये दोन्ही वेळा मत दिले.

म्हणून माझा अनुभव असा, की घरपोच मतपत्रिका हे अर्धेच उत्तर आहे. पक्षाची निवड मतपत्रिकेच्या आत, गुप्त ठेवता आली पाहिजे. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये राज्याच्या प्रायमरीत तसेच होते, दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात आणि मतदार पडद्याआड आपला रकाना निवडतो. जे तिथे अनेक दशके चालते, ते इतरत्र का चालू नये?

तिसरा_प्रहर

मी पुण्यात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे दुरून लिहितो आहे. धागा वाचून आनंद झाला, पण एका मुद्द्यावर मला आक्षेप नोंदवावासा वाटतो.

प्रायमरी ही सार्वत्रिक निवडणूक नव्हे. एका संघटनेने आपला उमेदवार निवडण्याची ती प्रक्रिया आहे. ज्याने पक्षाचे सभासदत्व घेतलेले नाही, त्याच्यासाठी पक्षाने काही पथ्ये पाळावीत अशी अपेक्षा करता येईल, पण पक्षाचे दार त्याच्यासाठी सक्तीने उघडावे असे म्हणणे वेगळे. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये कौल घेऊन कोणत्याही मतदाराला कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देण्याची मुभा दिली होती. २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण आपला उमेदवार कोणी निवडावा हे ठरवण्याचे पक्षाचे संघटनस्वातंत्र्य त्याने हिरावले जात होते. हा निर्णय मला तत्त्वतः योग्य वाटतो.

आणि मतदारांची संख्या वाढली की निवड चांगली होते, हेही गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने राहुल गांधी यांच्या आग्रहाने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला, त्यात महाराष्ट्रातील वर्धा आणि लातूर होते. मत द्यायचे होते ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या. देशभर वारेच उलट होते, त्यामुळे पराभवाचा दोष प्रायमरीला देणे अन्यायाचे होईल. तरी ज्यांनी उमेदवार निवडला त्यांच्यापैकी किती जण नंतर मनापासून प्रचारात उतरले, हा प्रश्न मला आजही पडतो. उमेदवारीची जबाबदारी घेणारी संघटना मजबूत असावी लागते. अमेरिकेतील पक्ष त्या अर्थाने आधीच पोकळ झालेले आहेत, आणि दार आणखी सताड उघडले तर आत राहणार कोण?

उंबरठा

तिसरा_प्रहर, आपला आक्षेप मोलाचा आहे, पण पक्ष ही खासगी संघटना असेल तर तिने स्वतःच्या निवडीचा खर्चही स्वतः करावा. बहुतेक राज्यांत प्रायमरीची केंद्रे, यंत्रे, कर्मचारी आणि छपाई यांचा पैसा करदात्यांचा असतो, आणि त्यात काकांचाही वाटा आहे. शिवाय पक्षाचे स्वातंत्र्य अमर्याद आहे असे त्याच न्यायालयाने कधीही मानलेले नाही. टेक्ससमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष एके काळी केवळ गोऱ्या मतदारांनाच प्रायमरीत घेत असे. त्या वेळी दक्षिणेत त्या पक्षाची प्रायमरी जिंकणे म्हणजेच निवडणूक जिंकणे होते, त्यामुळे काळ्या नागरिकाला नोव्हेंबरचा मताधिकार कागदावर असूनही निवडीत काही हिस्सा नव्हता. १९४४ मध्ये न्यायालयाने ती बंदी उठवली, आणि त्यामागचा विचार असा होता, की प्रायमरी हा राज्याच्या निवडणूक यंत्रणेचाच एक भाग झाला की ती केवळ पक्षाची घरगुती बाब राहत नाही.

बालेकिल्ल्यांच्या बाबतीत आज मला तेच वाटते. वर्णाची भिंत आणि नोंदणीचा फॉर्म यांची तुलना मी करत नाही, तशी तुलना करणे त्या लढ्याचा अपमान ठरेल. पण प्रायमरीतच निकाल लागतो ही वस्तुस्थिती दोन्हीकडे सारखी आहे.

तरीही आपला मुद्दा मी एका मर्यादेत मान्य करतो. ज्याने दुसऱ्या पक्षाची नोंदणी केलेली आहे, त्याला या पक्षाच्या प्रायमरीत आणावे असे माझे म्हणणे नाही. प्रश्न आहे तो नोंदणीच नसलेल्यांचा, आणि आमच्या राज्यात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर आहे. कायदा त्यांना आजही प्रायमरीत मत देऊ देतो, फक्त ते देण्याची वाट त्याने अवघड करून ठेवली आहे.

पाणंद

कॅलिफोर्नियातून लिहिते आहे. न्यायालयाने १९९६ ची पद्धत रद्द केल्यावर आमच्या राज्याने २०१० मध्ये कौल घेऊन पहिल्या दोघांची पद्धत आणली, आणि ती २०१२ पासून लागू आहे. म्हणजे अध्यक्षपद सोडले तर पक्षाची प्रायमरीच नाही. सर्व उमेदवार एका मतपत्रिकेवर, सर्व मतदारांना तीच मतपत्रिका, आणि पहिले दोन नोव्हेंबरला, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. दार पूर्ण उघडले तर गर्दी होईल असे मानणाऱ्यांनी पुढचा आकडा अवश्य पाहावा. २०१४ च्या जूनमध्ये आमच्याकडे नोंदणीकृत मतदारांपैकी जेमतेम २५ टक्क्यांनी मत दिले, आणि राज्यव्यापी प्रायमरीतला तो नीचांक होता. पद्धत नवी होती, पण वर अटीतटीची लढत नव्हती.

या पद्धतीत आणखी एक धोका आहे. २०१२ मध्ये सॅन बर्नार्डिनो भागातील एकतिसाव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाकडे कल असलेले मतदार अधिक होते, पण त्या पक्षाचे चार उमेदवार उभे राहिल्याने मते विभागली गेली, आणि रिपब्लिकन पक्षाचे दोघेच पुढे गेले. नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदाराला आपल्या पक्षाचा माणूस मतपत्रिकेवर दिसलाच नाही. २०१६ मध्ये सिनेटसाठी कमला हॅरिस आणि लोरेटा सांचेझ या एकाच पक्षाच्या दोघी समोरासमोर होत्या, तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांनी बाकी सगळी मतपत्रिका भरली आणि तो एक रकाना कोरा सोडला. ते मला म्हणाले, की दोघींपैकी कोणीही माझी नाही, मग खूण कोणासमोर करू?

दार मोठे केल्यावर आत काय मांडले आहे तेही महत्त्वाचे असते, इतकेच मला सुचवायचे आहे. घरोघरी मतपत्रिका पाठवण्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. २०२१ च्या कायद्यापासून आमच्याकडे प्रत्येक सक्रिय मतदाराला ती येते. माझे सासरे वाचनालयाबाहेरच्या पेटीत ती टाकण्यासाठी इस्त्रीचा सदरा घालून जातात.

जास्वंद

मिशिगनचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले. त्यांच्या विजयाचा आम्हा सर्वांना आनंद झाला, माझ्या माहेरी बेळगावला तर पेढे वाटले. पण त्या ऑगस्टच्या प्रायमरीचे आकडे पाहिले की विचार करावा लागतो. नऊ उमेदवार रिंगणात होते आणि ठाणेदार यांना सुमारे २८ टक्के मते मिळाली. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने तिथेच निवडणूक संपली. डेट्रॉइटला अनेक दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये काळा प्रतिनिधी उरला नाही, याची खंत तिथल्या काळ्या समाजाने उघडपणे बोलून दाखवली, आणि ती समजण्यासारखी होती. ठाणेदार यांनी नियमाप्रमाणेच विजय मिळवला, आणि २०२४ मध्ये प्रायमरीत निम्म्याहून अधिक मते घेऊन तो पक्काही केला. माझा प्रश्न आहे तो नियमाबद्दल. नऊ जणांत मते विभागली जातात तेव्हा बहुमत कोणाचे हे कळायला मार्गच राहत नाही, आणि आपले मत वाया जाणार असे वाटणारा माणूस पुढच्या वेळी येत नाही.

दुसरी फेरी घेणे हा एक उपाय आहे, पण तो मतदान वाढवत नाही. टेक्ससमध्ये मार्चमध्ये प्रायमरी होते आणि कोणालाच बहुमत मिळाले नाही तर मे महिन्यात पुन्हा मतदान. माझी नणंद तिथे आहे. ती सांगते, की मार्चमध्ये रांग असते आणि मे महिन्यात केंद्रावरील कर्मचारी मतदारांपेक्षा जास्त दिसतात. त्यापेक्षा न्यूयॉर्क शहराने घेतलेला पसंतीक्रमाचा मार्ग मला बरा वाटतो. तिथे पक्षाच्या प्रायमरीत पाच जणांपर्यंत पसंतीक्रम देता येतो, आणि पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला की मत पुढच्या पसंतीकडे जाते. २०२१ मध्ये मोजणीच्या वेळी चाचणीच्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका चुकून खऱ्या मतांत मिसळल्या गेल्या आणि मोठी नाचक्की झाली, हे खरे. पण २०२५ च्या जूनमध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत दहा लाखांहून अधिक मते पडली, आणि मतदारांना क्रम लावणे जड गेले असे कोणी म्हणू शकणार नाही.

नवीन_पालवी

मी चर्चा वाचते आहे, पण एक अगदी साधा प्रश्न विचारू का? मी न्यू जर्सीत राहते आणि मला मागच्याच महिन्यात नागरिकत्व मिळाले. मतदारनोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा रकाना होता, तो मी घाबरून रिकामा ठेवला. तो भरणे सक्तीचे होते का? आणि एकदा भरला की जन्मभर त्याच पक्षाला मत द्यावे लागते का? आपल्याकडे पदवीधर मतदारसंघासाठी दर वेळी नव्याने फॉर्म भरावा लागायचा, तसे इथेही काही आहे का?

उंबरठा

नवीन_पालवी, सर्वप्रथम अभिनंदन. तो रकाना भरणे सक्तीचे नाही, आणि आपले काहीही चुकलेले नाही. रिकामा ठेवलेल्या मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येते, पण त्यानंतर त्याची त्या पक्षाकडे नोंद होते. फॉर्म भरून ती पुढे काढूनही टाकता येते. नोव्हेंबरमध्ये मात्र कोणत्याही पक्षाच्या कोणत्याही उमेदवाराला मत द्यायला आपण मोकळ्या आहात, त्याचा या नोंदणीशी काहीही संबंध नाही. एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जायचे असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी फॉर्म द्यावा लागतो. टपाली मतपत्रिका हवी असेल तर पक्ष आधी कळवणे आवश्यक आहे, ते तेवढे लक्षात ठेवावे. पदवीधर मतदारसंघासारखी दर वेळी नवी नोंदणी इथे लागत नाही.

आपण घाबरून रकाना रिकामा ठेवला हे वाचून मला काकांची आठवण झाली. या प्रश्नाचे उत्तर फॉर्मवरच दोन ओळींत छापलेले असायला हवे होते.

तिसरा_प्रहर

पाणंद यांनी दिलेला २०१४ चा आकडा माझ्या शंकेला बळ देणारा आहे, म्हणून पुन्हा लिहितो. अलास्काने २०२० मध्ये कौल घेऊन सर्वांत धाडसी पद्धत स्वीकारली. सर्वांसाठी एकच प्रायमरी, पहिले चौघे पुढे, आणि नोव्हेंबरला पसंतीक्रम. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे सुमारे ३२ टक्के मतदान झाले आणि सुधारणावाद्यांनी ते यश मानले. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये, नियम तसाच असताना, मतदान त्याच्या निम्म्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये माजी गव्हर्नर सेरा पेलिन रिंगणात होत्या, सिनेटची जागा पणाला होती आणि दीर्घकाळ खासदार राहिलेल्या डॉन यंग यांच्या निधनाने रिकामी झालेली जागाही त्याच दिवशी भरायची होती. लोक लढत पाहून येतात, नियम पाहून येत नाहीत.

शिवाय २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नेवाडा, कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना, ॲरिझोना आणि साउथ डकोटा या सहा राज्यांतील मतदारांनी सर्वांसाठी खुल्या प्रायमरीचे प्रस्ताव फेटाळले. अलास्कात ती पद्धत रद्द करण्याचा कौल हजारांहून कमी मतांनी हुकला. ज्या मतदारासाठी आपण हे सारे मागत आहोत, त्यालाच ते नको असेल, तर त्याचाही विचार व्हावा.

उंबरठा

हा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला आणि माझे मूळ मत त्यामुळे काहीसे बदलले आहे, हे प्रांजळपणे मान्य करतो. लढत असल्याशिवाय माणूस येत नाही, हे खरे. पण लढत होऊ देणे किंवा न होऊ देणे हेही नियमांच्याच हाती असते. आमच्या राज्याचेच पाहा.

न्यू जर्सीतील २१ पैकी १९ काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पक्षाच्या स्थानिक नेत्यांनी पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार एका ओळीत, ठळक जागी छापले जात, आणि बाकीचे दूरच्या रकान्यात कुठेतरी. २०२१ ची मतपत्रिका मी जपून ठेवली होती. ती उलगडली की डाव्या बाजूची ओळ वरपासून खालपर्यंत भरलेली दिसते आणि उरलेल्या कागदावर पांढऱ्या जागेत एकेकटी नावे. त्या नावांवर नजर जाण्याआधीच हात डावीकडे गेलेला असतो. म्हणून अनेक ठिकाणी प्रतिस्पर्धी उभेच राहत नसत. २०२४ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या अँडी किम यांनी न्यायालयात दाद मागितली, संघराज्याच्या न्यायाधीशांनी मार्चच्या शेवटी त्या मांडणीला मनाई केली, आणि पुढे विधिमंडळाने कायदा बदलून प्रत्येक पदाचे उमेदवार एकाच चौकटीत छापायला लावले. २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षात सहा जण खऱ्या अर्थाने लढले आणि आठ लाखांहून अधिक मते पडली. २०१७ मध्ये त्याच पदासाठी त्याच पक्षात सुमारे पाच लाख पडली होती. वाढीचे सारे श्रेय मी छपाईला देत नाही, राजकीय हवाही तापलेली होती. पण मतपत्रिकेची मांडणी बदलली नसती तर इतके जण शेवटपर्यंत टिकले नसते, असे मला ठामपणे वाटते.

मिनेसोटाचे उदाहरणही याच जातीचे आहे. २०१६ मध्ये तिथे अध्यक्षपदासाठी कॉकस होत्या, म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी ठरलेल्या ठिकाणी जाऊन सभेत बसायचे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभांना सुमारे दोन लाख लोक आले. २०२० मध्ये साधी प्रायमरी घेतली, तेव्हा त्याच पक्षाच्या बाजूने सात लाखांहून अधिक मते पडली. दोन्ही वर्षी लढत होती आणि माणसेही तीच होती. फरक असा, की रात्रपाळीची परिचारिका आणि लहान मूल असलेली आई कॉकसला जाऊ शकत नव्हत्या, त्या प्रायमरीला जाऊ शकल्या.

सहा राज्यांनी प्रस्ताव नाकारले, त्याचा अर्थ मी असा लावतो, की त्यांपैकी नेवाडा, कोलोरॅडो आणि आयडाहोत खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम ही दोन मोठी पावले एकाच कौलात बांधली गेली होती, आणि लोकांनी ती गाठोड्यासकट परत केली. कोलोरॅडोच्याच मतदारांनी २०१६ मध्ये दोन मतपत्रिकांची साधी सुधारणा मान्य केली आणि २०२४ मध्ये मोठी सुधारणा नाकारली. म्हणून आधी दोन मतपत्रिका, एकत्र तारखा आणि सरळ मांडणी. पसंतीक्रमाचा प्रश्न त्यानंतर, स्वतंत्रपणे लोकांसमोर ठेवावा. जास्वंद यांच्या नऊ उमेदवारांच्या प्रायमरीला त्यावाचून उत्तर नाही, हे मात्र मला पटले आहे.

सह्यकडा

सहमत. आमच्याकडे पाकिटावरची पक्षाची चौकट निदान झाकली जावी, अशी मागणी करणारे पत्र मी आमच्या विधिमंडळ सदस्यांना लिहितो आहे. आईनेही त्यावर सही करायचे कबूल केले आहे.

नवीन_पालवी

उंबरठा, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. माझ्यासारख्या आणखी तिघी-चौघी आहेत, त्यांना हा फॉर्म प्रत्यक्ष दाखवून समजावून सांगणारे कोणी मिळेल का?

उंबरठा

अवश्य मिळेल. आमची प्रायमरी जूनमध्ये असल्याने ५५ दिवसांची मुदत एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपते. त्याआधी आमच्या भागातील मराठी मंडळाचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू आहे. तिथे कैरीची डाळ आणि पन्ह्याच्या शेजारी एक टेबल मागून घेतले आहे. त्यावर नोंदणीचे आणि टपाली मतपत्रिकेचे कोरे फॉर्म असतील, कोणत्याही पक्षाचे पत्रक नसेल, आणि कोणी काय भरले हे आम्ही पाहणार नाही. लिहिताना आड धरायला जाड पुठ्ठाही ठेवणार आहोत, ही सूचना काकांची. काकू दुपारी तीनपासून टेबलावर बसणार आहेत. त्यांनी कप्प्यातले ते पत्र शोधून काढले आहे आणि नमुना म्हणून सोबत आणणार आहेत.